पोरगं पाहाले आलो आमी

आमच्या भागातल्या ऑर्केस्ट्रात लेडी सिंगरनं कार्यक्रमभर स्टेजवर खुर्चीत बसून राहायचं असतं, तिचं गाणं असो वा नसो. हा नियम कुणी लिहून ठेवलेला नाही, पण तेलंगणाच्या टोकाला, आदिलाबादपासून वांकिडीपर्यंत, कुठल्याही मंडळाला विचारा, सगळ्यांना तो तोंडपाठ आहे. बाईनं भरजरी साडी नेसावी, हात मांडीवर ठेवावेत, पुरुष गायक गात असताना हलकेच मान डोलवावी आणि पंखा आपल्याकडे नसला तरी चेहरा हसतमुख ठेवावा. लोक येतात ते निम्मे गाण्यासाठी आणि निम्मे त्या खुर्चीकडे पाहण्यासाठी. मी वीस वर्षं कीबोर्ड वाजवला, ऑर्केस्ट्राही माझाच होता, पण यात काही चमत्कारिक आहे असं मला एकदाही वाटलं नव्हतं.

ती आमच्याकडे पहिल्यांदा गायला आली तेव्हा तिनं ती खुर्ची उचलली, पायऱ्या उतरून खाली गेली आणि गर्दीत उभ्या असलेल्या एका म्हाताऱ्या बाईला बसायला दिली. मग वर येऊन माझ्या मागे स्पीकरच्या रिकाम्या खोक्यावर जाऊन बसली, खालून कुणाला दिसणार नाही अशी. मी डोळ्यांनी खुणा करून थकलो. मंडळाचे लोक मला खुणा करत होते ते वेगळंच. मध्यंतरात मी तिला विचारलं तर शांतपणे म्हणाली, "मास्तर, मी गायाले आली. बसाले नाई आली."

मास्तर म्हणजे मी. शिकवलेलं मी कुणालाच काही नाही, पण पेटी किंवा कीबोर्ड वाजवणाऱ्याला आमच्याकडे मास्तर म्हणतात. पोटापाण्याचा धंदा म्हणजे माईक आणि अँप्लिफायर दुरुस्तीचं दुकान. ती त्या दुकानातच पहिल्यांदा आली होती, आईचा बिघडलेला भोंगा घेऊन. भाजीवाल्यांकडे असतो तो हातातला भोंगा. एकदा भाव बोलून ठेवला की दिवसभर तोच ओरडतो. तिची आई आदिलाबादजवळच्या मावला गावची. नवरा लवकर गेला, तेव्हापासून घरच्या दोन एकरांत भाजी पिकवायची आणि आदिलाबादच्या बाजारात नेऊन विकायची, हाच तिचा दिनक्रम. मी भोंगा उघडला, तुटलेली तार जोडली आणि चालतो का पाहायला बटण दाबलं.

आतून वांग्याचा भाव गाण्यात बाहेर पडला. आधी मराठीत, मग तेलुगूत, मग हिंदीत. वांगी, वंकाय आणि बैंगन असं तेच वांगं तीनदा बरोबर एकाच सुरावर येऊन बसत होतं, आणि शेवटी एक छोटीशी गिरकी होती, जिची वांगं विकायला काहीच गरज नव्हती. मी विचारलं, हे कुणी म्हटलं? तिनं खांदे उडवले. पुढच्या महिन्यात माझ्याकडे दुरुस्तीला आलेल्या भोंग्यांतून मेथी, टमाटे आणि सांबार, म्हणजे कोथिंबीर, तिच्याच आवाजात ऐकू आले. बाजारातल्या निम्म्या भाजीवाल्यांना तिनं भाव म्हणून दिले होते. तिच्या आईचा यावर फार राग होता. शेजारी बसणाऱ्या माणसाच्या मेथीला पोरीनं आपल्यापेक्षा चांगली चाल लावली, म्हणून दोन दिवस मायलेकी बोलत नव्हत्या. मी मध्यस्थी करायला गेलो तर तिनं मलाच समजावलं की त्याची मेथी खरोखरच जास्त चांगली होती.

तिचं हे असंच होतं. साडीखाली पळायचे बूट घालायची, केस स्वतःच कात्रीनं कापायची, त्यामुळे ते कधी एका बाजूला जास्त असायचे. गाण्याआधी बाकीचे लोक कोमट पाणी पितात, ही हिरवी मिरची मिठाला लावून खायची आणि वर बर्फाचं पाणी प्यायची. गळ्याचं वाटोळं होईल म्हणून मी कितीदा ओरडलो. गळ्याला काही झालं नाही, मला मात्र ते पाहून ठसका लागायचा. आवाजाचं बोलताना ती भाजीच्या भाषेत बोलायची. बारीक टोकदार सूर जास्त झाले तर "मास्तर, सांबार कमी टाका," आणि बेस वाढला तर "कोहळं झालं, कोहळं." माझ्या दुकानातली पोरंसुद्धा अजून तसंच बोलतात.

'वन्स मोअर' तिनं कधी दिला नाही. लोक ओरडत राहायचे, ती म्हणायची की घरी जाऊन आठवा. आणि खरं सांगायचं तर लोक घरी जाऊन आठवायचे.

आता बोथ गावातल्या कार्यक्रमाची गोष्ट सांगायला हवी, कारण तिच्याबद्दल लोक चार गोष्टी सांगतात त्यातल्या तीन खोट्या आहेत आणि ही खरी आहे. नवरात्राचा कार्यक्रम होता. आमच्याकडे फर्माईशीच्या चिठ्ठ्या येतात. ज्याची चिठ्ठी असेल त्याचं नाव गायिकेनं गाण्याच्या सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी असं तीनदा मानानं घ्यायचं. मध्ये म्हणजे अगदी अंतऱ्याच्या मध्ये. गाणं थांबवायचं, "आदरणीय अमुकअमुक साहेब" म्हणायचं आणि पुन्हा सूर धरायचा. त्या दिवशी मंडळाच्या अध्यक्षांची चिठ्ठी आली. कापसाचे मोठे व्यापारी होते. चिठ्ठीत गाण्याचं नाव होतं आणि त्याखाली एक ओळ होती. ती बहुतेक फक्त तिच्यासाठी असावी.

तिनं अख्खी चिठ्ठी माईकवर वाचली. बाजारभाव वाचावा तशा सपाट आवाजात. "गाताना माझ्याकडे पाहावे," हेही वाचलं. मग म्हणाली की साहेबांनी जरा उभं राहावं, म्हणजे कुठं पाहायचं ते कळेल. अध्यक्षांची बायको बायकांच्या बाजूला पहिल्याच ओळीत होती. आधी एक बाई हसली, मग सगळा मंडप हसला. अध्यक्ष काही उभे राहिले नाहीत. तिनं गाणं मात्र पूर्ण म्हटलं, आणि ते तिनं त्या दिवशी फार सुंदर म्हटलं, हे मी वादक म्हणून सांगतो.

त्यानंतर आमचे कार्यक्रम धडाधड रद्द झाले. फोन करणारा जो तो म्हणे, ऑर्केस्ट्रा पाहिजे पण ती बाई नको. काय करावं म्हणून मी ढोलकीवाल्याला विचारलं, पुरुष गायकांना विचारलं, बायकोला विचारलं, दोन मंडळांच्या लोकांनाही विचारलं. तिला सोडून सगळ्यांना विचारून झालं तेव्हा मावल्याला तिच्या घरी गेलो. ती वांग्याच्या वाफ्यात होती. तुझ्या भल्यासाठीच सांगतो, थोडे दिवस थांब, लोकांचा राग निवू दे, असं मी बरंच काही गोड बोललो. तिनं पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मास्तर, तुमी भेता ना, भ्या. पन माह्यासाठी भेता असं सांगू नोका."

मला आजही त्याची लाज वाटते. तिनं मात्र ते मनात ठेवलं नाही. आठवड्यानं ती दुकानात हजर, हातात फोन आणि पिशवीत सहा कपबश्या. म्हणाली, कार्यक्रमात नाही घेत तर नका घेऊ, रेकॉर्डिंग तरी करून द्या.

त्या कपबश्यांचं गाणं म्हणजेच 'पोरगं पाहाले आलो'. आता ते सगळ्यांना माहीत आहे, पण कसं झालं ते फारसं कुणाला माहीत नाही. आमच्याकडे मुलगी पाहायला येतात तेव्हा तिला चालून दाखवायला सांगतात, नाव लिहून दाखव म्हणतात, म्हाताऱ्या बाया सुईत दोरा ओवून घेतात. पाहुणे तोवर बशीत ओतून चहा पितात. तिला स्वतःला असं तीनदा पाहून झालं होतं. तिसऱ्या वेळी ती कोपऱ्यात उभी राहून पाहुण्यांच्या कपबश्यांचा आवाज ऐकत होती आणि तिला त्यात ठेका सापडला. तिथं तिला नकार आला, आणि तिनं म्हणे त्या नकारासाठी त्यांचे आभार मानले. गाण्यात तिनं सगळं उलटं केलं. मुलीकडचे मुलगा पाहायला जातात.

पोरगं पाहाले आलो बाई आमी, पोरगं पाहाले आलो,
जरा चालून दाखव रे बाबू, पाय तं सरळ हाय ना?
सुई घे, दोरा ओव रे बाबू, डोये तं बरोबर हाय ना?
भाकर थापून दाखव रे बाबू, गोल तं येते ना?

मागे ठेक्याला त्या सहा कपबश्या. रेकॉर्डिंगमध्ये दोन फुटल्या, आणि दुसरी फुटल्याचा आवाज तिनं मुद्दाम ठेवून घेतला. ते गाणं तिनं फोनवरून इंटरनेटवर टाकलं आणि महिनाभरात कापूस वेचणाऱ्या बायांच्या कमरेच्या फोनमध्ये ते वाजू लागलं. मग ऑटोत, मग जत्रेत, मग तेलुगू पोरांनी त्यावर नाचून व्हिडिओ केले. आमच्या आमी-तुमीच्या भाषेत कुणी गाणं करेल आणि ते करीमनगरला वाजेल, असं कुणाला स्वप्नातही वाटलं नसतं.

हैदराबादहून एका रेकॉर्डिंगवाल्यानं तिला बोलावलं होतं. त्याचं म्हणणं एवढंच होतं की शेवटी एक कडवं पुरुषाच्या आवाजात टाकू, त्यात मुलगा भाकर गोल थापतो आणि मुलगी लाजते. ती सकाळच्या बसनं गेली आणि संध्याकाळच्या बसनं परत आली. मी विचारलं काय झालं, तर म्हणाली की भाकर गोल आली नाही.

आता तिचे कार्यक्रम नागपूरपर्यंत असतात. ज्या मंडळांनी तिला नको म्हटलं होतं त्यातली काही मला फोन करून विचारतात की ओळखीनं तिची तारीख मिळेल का. मी सांगतो की ती स्टेजवर बसत नाही. ते म्हणतात चालेल.

तिच्या आईला, आम्ही सगळे तिला मावशी म्हणतो, या सगळ्याचं कौतुक असावं असं कुणालाही वाटेल. मावशी एकाही कार्यक्रमाला गेली नव्हती. बाजारात कुणी पोरीचं नाव काढलं तर ती वजनकाट्याकडे बघायची आणि काय पाहिजे ते सांगा म्हणायची. तिला घोर होता तो धाकट्या मुलीचा. धाकटी बोथला अंगणवाडीत शिकवते, शांत मुलगी आहे, मोठ्या बहिणीवर तिचा भारी जीव. तिचं लग्न होईपर्यंत मावशीच्या डोळ्याला डोळा लागणार नव्हता, आणि येणारं प्रत्येक स्थळ एकाच जागी अडत होतं: गाणारी मोठी बहीण.

शेवटी वांकिडीकडचं एक घर ठरलं. कापूस-ज्वारीचं खातंपितं घर, मुलगा चांगला, धाकटीलाही पसंत. बैठकीत मुलाच्या वडिलांनी आपली अट सांगितली. लग्नपत्रिकेत मोठ्या मुलीचं नाव नसावं आणि तिनं लग्नात येऊ नये. मुलगी पाहायला जाण्याची टिंगल करणारी बाई त्यांच्या व्याह्यांच्या मांडवात मिरवली तर गावात तोंड दाखवायला जागा राहणार नाही, असं त्यांचं म्हणणं. मी त्या बैठकीत होतो. मावशीनं हो म्हटलं.

मोठीला हे सांगायचं काम मावशीनं स्वतःच केलं. मोठीनं एका शब्दानं वाद घातला नाही. लग्न बहिणीचं आहे, माझं नाही, म्हणाली. पत्रिकेचा मजकूरही तिनंच छापखान्यात नेऊन दिला, त्यात स्वतःचं नाव खोडून. जिनं अध्यक्षाला माईकवरून उभं राहा म्हटलं ती इतकी सरळपणे कशी मानली याचं मला आश्चर्य वाटलं. बायको म्हणाली, तुम्हाला काही कळत नाही.

लग्न मावल्यालाच होतं, त्यांच्या शेताशेजारच्या मोकळ्या जागेत. एव्हाना मीही मावल्यालाच घर बांधलं होतं, तिथून एक शेत सोडून. मंगलाष्टकांचा माईक मी सकाळीच लावून दिला आणि कपडे बदलायला घरी निघालो, तर मावशीनं माझ्या हातात एक झाकलेलं ताट दिलं. कुणासाठी ते बोलली नाही. मी घरी पोचलो तेव्हा कळलं. ती माझ्या ओट्यावर बसली होती. नवी साडी नेसली होती. बायकोला म्हणाली होती की दोन तास बसू द्या, इथून मांडव दिसतो. मी ताट तिच्यापुढं ठेवलं. तिनं ते उघडलं नाही.

दुपारी वरात आली. वरपक्षानं डीजेची गाडी वांकिडीहूनच आणली होती. मारुतीच्या देवळापासून मांडवापर्यंतचं अंतर पाच मिनिटांचं, पण नाचणाऱ्यांना ते तासभर पुरतं. दोनतीन गाणी झाली आणि मग कपबश्या वाजल्या.

मला आधी भास झाला असं वाटलं. पण तेच गाणं होतं. पोरगं पाहाले आलो बाई आमी. वरातीतली पोरं शिट्ट्या मारत होती, चालून दाखव रे बाबू म्हटल्यावर कुणीतरी नवरदेवाला घोड्यावरून उतरायला लावत होतं. जिला यायला बंदी केली तिच्या गाण्यावर तीच माणसं नाचत होती, आणि ते गाणं कुणाचं आहे हे कुणाच्या ध्यानातही नव्हतं. मी तिच्याकडे पाहिलं. ती कान देऊन ऐकत होती. "कोहळं लय टाकलं," म्हणाली. पण बोटं ताटाच्या झाकणावर ठेका धरून होती आणि ती हसत होती.

सुई घे, दोरा ओव, इथपर्यंत आलं आणि गाणं मध्येच बंद पडलं.

मी म्हटलं, लाइट गेली असेल. ती म्हणाली की नाही, जनरेटर चालू आहे, ऐका. खरंच, त्याची घरघर येत होती. पोरांचा ओरडा झाला, मग तोही थांबला. तिचं हसू गेलं.

"समजलं त्यांले," ती म्हणाली. "कोनी तरी सांगतलं असन." मग म्हणाली, "गानं वाजत होतं तोवर मी मांडवात तं होती, मास्तर."

मीही तिला एकदा असंच बंद केलं होतं. बायको आतून पाणी घेऊन आली, ते तिनं घेतलं नाही. दहा मिनिटं गेली असतील. गाणं पुन्हा लागलं नाही, दुसरंही लागलं नाही.

तेवढ्यात शेताच्या बांधावरून मावशी येताना दिसली. हिरवी साडी, पदर खोचलेला, हातांना हळद, पायात काही नाही. मुलीचं लग्न लागायच्या वेळेला मुलीची आई मांडव सोडून चालत येते आहे, हे पाहून मी उठून उभा राहिलो. बायकोनं बसा म्हटलं. मावशी बसली नाही. ओट्याखाली उभी राहिली आणि पोरीला म्हणाली, "चाल."

ती जागची हलली नाही. "त्यांनी बंद केलं ना गानं?"

"मी केलं," मावशी म्हणाली.

मग तिनं सांगितलं ते मला नंतर चार लोकांकडूनही ऐकायला मिळालं, आणि सगळ्यांचं सारखंच होतं. कपबश्यांचा आवाज ऐकला तशी ती मांडवातून निघाली, नाचणाऱ्यांतून वाट काढत डीजेच्या गाडीपाशी गेली आणि त्या माणसाला बंद कर म्हणाली. व्याही धावत आले. व्याहीणबाई, पोरं नाचून राह्यली, नाचू द्या, म्हणू लागले. मावशीनं सगळ्यांसमोर त्यांना सांगितलं, "पोरगी मांडवात चालत नाई तं तिचा आवाज बी चालत नाई. दोन्ही आत, नाई तं दोन्ही बाहेर." त्यांनी त्या गाण्याबद्दल नुसतं ऐकलं होतं, गाणं कधी ऐकलं नव्हतं; ते हेच, हे त्यांना तेव्हा कळलं. व्याही लालेलाल झाले. ती त्यांच्या उत्तरासाठी थांबलीच नाही.

ओट्यावरून ती आईकडे बघत राहिली. मावशीच्या पायांना बांधावरची माती लागली होती. ती म्हणाली, "लग्न मोडन, माय."

"चाल म्हटलं ना."

"त्यांनी हो म्हटलं काय, मी आलेलं चालते म्हून?"

"त्यांले कोन इचारलं?" मावशी म्हणाली. "मी नवरीले इचारलं. ते हार हाती घेऊन बसली हाय. म्हने, ताई आल्याबिगर उठत नाई."

तिला रडताना मी पहिल्यांदा पाहिलं. लपवलं नाही तिनं, भडाभडा रडली. मग नळावर तोंड धुतलं आणि पुसायला काही नव्हतं म्हणून आईच्या पदराला पुसलं. पदराची हळद तिच्या गालाला लागली ती तशीच राहिली. दोघी बांधावरून निघाल्या, मावशी पुढे आणि ती मागे, आणि आम्ही नवराबायको दार ओढून त्यांच्या मागून.

मांडवात पोचलो तेव्हा मुहूर्त टळून गेला होता. वरातीतली पोरं रस्त्याच्या कडेला गप्प उभी होती, त्यांनी वाट दिली. व्याही बोहल्याजवळ हात बांधून उभे होते. ती सरळ बहिणीच्या मागे जाऊन करवली म्हणून उभी राहिली. कुणीतरी दिवा तिच्या हातात दिला. अंतरपाट धरायचा की नाही म्हणून भटजींनी व्याह्यांकडे पाहिलं. मावशी म्हणाली, "तिकडं काऊन पाहता? नवरी उभी हाय."

भटजींनी अंतरपाट धरला.